पोखरणची धूळ ग्वाल्हेरला का आली नाही?

भाची फिजिक्समध्ये एमएस्सी करतेय. तिने परवा फोनवर विचारलं, मामा, पोखरण आपल्या जवळजवळ सरळ पश्चिमेला, सहाशे किलोमीटरच्या आसपास, वारे पश्चिमेकडून पूर्वेला जातात असं तुम्हीच सांगता, राजस्थानची आंधी तर दर मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसते, मग १९९८ सालच्या अणुचाचण्यांचं ग्वाल्हेरला काहीच कसं नाही आलं? आणि तोच स्फोट जमिनीवर केला असता तर किती वेळात, किती आलं असतं?

प्रश्न चांगला आहे आणि फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखा नाही, म्हणून तिलाच सविस्तर लिहितोय. मी एकतीस वर्षं वेधशाळेत बलून सोडले, वरच्या हवेचे वारे मोजले, तेव्हा यातला वाऱ्याचा भाग तरी मला हाताने माहीत आहे.

आधी पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर. १९७४ ची चाचणी आणि १९९८ च्या सगळ्या चाचण्या जमिनीखाली झाल्या, ११ मे १९९८ चा सर्वात खोल शाफ्ट, म्हणजे उभी विहीर, तर दोनशे मीटरपेक्षा जास्त होता. एवढ्या खोलीवर स्फोट झाला की आजूबाजूचा खडक वितळतो, वरचं छत खाली बसतं आणि बहुतेक सगळं तिथेच अडकून राहतं. ढगच उठला नाही तर वारा नेणार काय? तरीसुद्धा त्या दिवशी वाऱ्यासाठी थांबले होते बरं का, वारा वस्तीच्या दिशेने होता, तो पडायची वाट बघत दुपार झाली आणि मग पावणेचारच्या सुमाराला बटण दाबलं. काही गळालंच तर ते गावावर जाऊ नये म्हणून. मी त्या संध्याकाळी ड्युटीवर होतो, साडेपाचच्या वेधाचा बलून वर गेलेला आणि तेवढ्यात बातमी आली, ग्वाल्हेरचा सगळा लश्कर भाग रस्त्यावर, पंतप्रधान अटलजी इथलेच ना, बाड्याच्या चौकात पेढे वाटत होते. आणि आम्ही दोघं-तिघं त्या बलूनच्या आकड्यांकडे बघत बसलो होतो, कारण आमच्याही डोक्यात तुझाच प्रश्न होता.

आता खरं सांगायचंय ते. लोक अशा वेळी अंगणात उभं राहून विचारतात की आज वारा कुठला आहे? जमिनीवरचा वारा या कामात जवळजवळ निरुपयोगी आहे. माझी सगळी नोकरी याच एका गोष्टीत गेली म्हण. जुन्या काळी आम्ही रात्री पायलट बलूनला कागदी कंदील बांधायचो, आत मेणबत्ती, आणि थिओडोलाइटला, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीला, डोळा लावून दर मिनिटाला त्याचे कोन लिहायचे. बलून हाताबाहेर सुटला की आधी हळू डावीकडे सरकायचा, वर गेला की थबकायचा, आणि मग असा उजवीकडे ओढला जायचा की थिओडोलाइटचं चाक फिरवता फिरवता मनगट दुखायचं. खाली आमच्या शर्टाची बाही पूर्वेच्या वाऱ्याने हलतेय आणि तीन किलोमीटरवर तो कंदील पश्चिमेच्या वाऱ्याने पळतोय, हे मी शेकडो वेळा डोळ्यांनी पाहिलंय. जानेवारीत तर ग्वाल्हेरच्या डोक्यावर, साधारण बारा किलोमीटरवर, जेट स्ट्रीम असते, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वारा, खाली धुक्यात पान हलत नाही आणि वर बलून थेट कानपूरच्या दिशेने निघालेला. पावसाळ्यात उलटं, खाली नैऋत्येचा किंवा पूर्वेचा, कधी काय, पण पंधरा-सोळा किलोमीटरवर पूर्वेकडूनच. म्हणजे एकाच गावावर, एकाच वेळी, वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळ्या दिशेची वाहतूक चालू असते, आणि अणुस्फोटाचा ढग या सगळ्या मजल्यांतून वर जातो आणि त्याची धूळ याच सगळ्या मजल्यांतून खाली उतरते.

दुसरी गोष्ट कणांचा आकार. यासाठी तुला लांब जायला नको, आपल्या गच्चीवरची आंधी आठव. तुझी आजी मे महिन्यात कुरडया वाळत घालायची, पश्चिमेला आभाळ तपकिरी दिसलं की आम्ही सगळे पळत वर जायचो, कपडा झाकेपर्यंत पहिला फटका यायचा आणि दाताखाली कचकच. ती जाड वाळू, जवळची, फार उंच गेलेली नसते, वारा थांबला की अर्ध्या तासात खाली. त्यानंतर दोन-दोन दिवस सूर्य पिवळट दिसतो, ती बारीक धूळ, ती खाली यायला तयारच नसते. आणि मग कधी चार थेंब पाऊस पडला की दोरीवरच्या पांढऱ्या चादरीवर चिखलाचे ठिपके. अणुचाचणीच्या फॉलआउटमधले, म्हणजे खाली पडणाऱ्या किरणोत्सारी धुळीतले, तीनही प्रकार या एका चादरीवर आहेत, जवळ लगेच पडणारं जाड, दूर जाणारं बारीक, आणि पावसाने ओढून खाली आणलेलं.

आकड्यात सांगतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शंभर मायक्रॉनचा कण, म्हणजे बारीक रवा समज, सेकंदाला साधारण अर्धा मीटर उतरतो, दहा किलोमीटरवरून जमिनीवर यायला पाच-सहा तास. दहा मायक्रॉनचा कण तेवढ्याच उंचीवरून यायला दोन आठवडे. आणि एक मायक्रॉनचा कण स्वतःच्या वजनाने कधी येईल याचा हिशोब करण्यात अर्थ नाही, त्याला पाऊसच आणतो. कण किती जाड होणार हे पुष्कळसं स्फोट किती उंचीवर झाला त्यावर. आगीचा गोळा जमिनीला टेकला की माती, वाळू, खडक त्यात शोषले जातात, वितळतात, आणि थंड होताना किरणोत्सारी पदार्थ त्यांच्यावर चिकटतात, मग जड कण तयार होतात आणि जवळपासच्या शेकडो किलोमीटरचं वाटोळं करतात. गोळा हवेतच राहिला तर कण अतिशय बारीक, जवळ कमी पडतं, लांब आणि उशिरा पडतं. रशियाचा ३० ऑक्टोबर १९६१ चा पन्नास मेगाटनचा, म्हणजे पाच कोटी टन साध्या स्फोटकाच्या ताकदीचा बॉम्ब जगात सर्वात मोठा, पण तो चार किलोमीटर उंचीवर फोडला, गोळा जमिनीला लागला नाही, म्हणून त्याच्या आकाराच्या मानाने जवळचा फॉलआउट कमी.

आता दोन्ही गोष्टी जोड, वारा आणि कण. वहीत करून बघ. ढगाचा माथा दहा किलोमीटरवर धर, त्याचे अडीच-अडीच किलोमीटरचे चार मजले कर. शंभर मायक्रॉनचा कण प्रत्येक मजला उतरायला साधारण एक तास वीस मिनिटं घेतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर पश्चिमेचा वारा ताशी ९० किलोमीटर, म्हणजे कण १२० किलोमीटर पूर्वेला गेला. त्याखाली पश्चिमेचाच ६०, अजून ८० किलोमीटर. त्याखाली वायव्येचा ३०, म्हणजे आग्नेयेला ४० किलोमीटर. आणि सर्वात खाली, जिथे तू उभी आहेस, तिथे पूर्वेचा १५, म्हणजे २० किलोमीटर परत पश्चिमेला. बेरीज कर, कण पडला साधारण दोनशे किलोमीटर पूर्वेला आणि तीसेक किलोमीटर दक्षिणेला. अंगणातला वारा सांगत होता पश्चिमेला जाईल! आणि हाच हिशोब पाच किलोमीटरवरून सुटलेल्या कणासाठी केलास तर तो पडतो स्फोटाच्या जागेच्या अगदी जवळ, आग्नेयेला. असे वेगवेगळ्या उंचीचे, वेगवेगळ्या आकाराचे कण घेत गेलीस की कागदावर पंख्यासारखा आकार उमटतो. वारे सगळ्या उंचीवर एका दिशेचे असतील तर पट्टा लांब, अरुंद आणि भयंकर दाट, दिशा बदलत असतील तर पंखा रुंद आणि पातळ. चाचणी करणारे लोक हेच कागद आदल्या रात्रीपर्यंत काढत बसायचे.

आणि ते कागद काढूनही काय होतं त्याचं सर्वात वाईट उदाहरण म्हणजे १ मार्च १९५४, पॅसिफिकमधलं बिकिनी बेट, अमेरिकेची ब्राव्हो चाचणी. हे मी थोडं सावकाश सांगतो कारण आमच्या पेशातल्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं. तिथे समुद्रसपाटीला व्यापारी वारे, पूर्वेकडून पश्चिमेला, बारा महिने जवळजवळ ठरलेले. खालचा वारा बघितला तर सगळं मोकळ्या समुद्रावर जाणार. पण वरचे वारे पूर्वेकडे वळायला लागले होते आणि पूर्वेला दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर रोंगेलाप बेट, त्यावर माणसं. मध्यरात्रीच्या हवामान बैठकीत वारे पहिल्यापेक्षा प्रतिकूल होतायत हे सांगितलं गेलं होतं. तरी पहाटे चाचणी झाली. त्यात स्फोटाची ताकद अंदाजाच्या अडीचपट निघाली, पाच-सहा मेगाटन धरले होते, झाले पंधरा, कारण बॉम्बच्या इंधनातलं लिथियम-७ काही करणार नाही असं समजले होते आणि त्याने केलं. ढग चाळीस किलोमीटरपर्यंत गेला. खाली प्रवाळाचा चुना होता, तो जळून पांढरी भुकटी झाला, आणि चार-सहा तासांनी रोंगेलापवर ती भुकटी पडायला लागली, मुलं त्यात खेळली, पिण्याच्या पाण्यात पडली, अंगाला चिकटली. १९४६ च्या चाचण्यांच्या वेळी याच बेटावरच्या लोकांना आधी हलवलं होतं, १९५४ ला हलवलं नाही. त्यांना तिथून काढायला ३ मार्च उजाडला, तोपर्यंत उलट्या, अंगावर भाजल्याचे व्रण, पुढे केस गळणं. जवळच्या रोंगेरिक बेटावर अमेरिकेचे २८ जवान होते, बहुतेक हवामान केंद्राचे, त्यांना रोंगेलापच्या लोकांच्या एक दिवस आधी काढलं. बलून सोडणारी माणसं तीही, माझ्यासारखीच. आणि समुद्रात जपानी मासेमारी बोट होती, दाइगो फुकुर्यू मारू, तिच्यावर २३ जण, त्यांच्यावर तीच राख पडत राहिली, त्यांचा रेडिओवाला ऐकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला गेला. जपानी लोकांनी त्या भुकटीला मृत्यूची राख म्हटलं. वाऱ्याची माहिती नव्हती म्हणून हे झालं असं कुणी म्हणालं तर त्याला सांग, माहिती होती, ती ऐकली नाही.

अमेरिकेच्या नेवाडा वाळवंटातल्या चाचण्यांतही गणित तेच. वारा लास व्हेगासच्या किंवा लॉस एंजेलिसच्या दिशेने नसेल तेव्हा उडवायचं असा नियम, म्हणजे आपोआपच तो पूर्वेला असायचा, आणि पूर्वेला युटाहमधली छोटी गावं. १९ मे १९५३ ची हॅरी नावाची चाचणी, ३२ किलोटन, म्हणजे ३२ हजार टन साध्या स्फोटकाएवढी, जेमतेम नव्वद मीटरच्या टॉवरवर, तिची धूळ सेंट जॉर्ज गावावर आली आणि लोकांना रेडिओवरून घरातच थांबा म्हणून सांगावं लागलं. मोठ्या शहराला वाचवायला निवडलेला वारा कुणाच्या तरी गावावरून जातोच.

पाऊस. इथे बरेच जण गोंधळतात, पाऊस आला म्हणजे हवा धुतली गेली, बरं झालं, असं वाटतं. हवा धुतली जाते हे खरं, पण धुतलेलं पाणी कुठे जातं? २५ एप्रिल १९५३ ला नेवाडात सायमन नावाची ४३ किलोटनची चाचणी झाली, ढग वरच्या वेगवान वाऱ्यात सापडला, दीड दिवसात जवळपास ३,७०० किलोमीटर ओलांडून न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय शहरावर आला आणि नेमकं त्या रात्री तिथे गडगडाटी वादळ झालं. सकाळी कॉलेजच्या लॅबमधले किरणोत्सर्ग मोजणारे गायगर काउंटर वेड्यासारखे टिकटिकायला लागले, मुलांनी बाहेर नेऊन बघितलं तर रस्ते, छपरं, डबकी, सगळीकडे तेच. वाटेतल्या कितीतरी गावांच्या डोक्यावरून तो ढग काही न करता गेला होता. पाऊस नसता तर ट्रॉयवरूनही गेला असता. त्यामुळे स्फोटापासून अंतर जास्त म्हणजे धोका कमी हा हिशोब पावसात मोडतो, नकाशावर मधेच ठिपक्यांसारखे डाग उमटतात. शिवाय गवतावर किरणोत्सारी आयोडीन-१३१ पडलं की गाय ते खाते आणि ते दुधात उतरतं, लहान मुलांच्या थायरॉइडला सर्वात जास्त त्रास यानेच. हिरोशिमात तर स्फोटाच्या आगीनेच ढग तयार केले आणि काळा पाऊस पडला.

पण पाऊस ढगाला गाठू शकला तरच हे होतं. किलोटनवाले ढग आपल्या पावसाच्याच मजल्यात राहतात, तपांबरात. मेगाटनवाले ते छत फोडून स्ट्रॅटोस्फियरमध्ये, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या स्थितांबरात जातात. हे छत ध्रुवाकडे आठ-नऊ किलोमीटरवर आणि आपल्याकडे उन्हाळ्यात सोळा-सतरावर, म्हणजे तोच बॉम्ब आर्क्टिकमध्ये छताच्या वर जाईल आणि विषुववृत्ताजवळ खाली राहील. वर पाऊस नाही, हवा वर-खाली होत नाही, तिथे बारीक कण एक-दोन वर्षं फिरत राहतात आणि दर वसंतात, जेव्हा वरची हवा मध्य अक्षांशांत खाली मिसळते, तेव्हा थोडे थोडे उतरतात. १९६१-६२ ला अमेरिका आणि रशियाने मोठमोठे स्फोट केले आणि त्याचा फॉलआउट जगात सर्वात जास्त पडला १९६३ मध्ये, उत्तर गोलार्धात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हवेतल्या चाचण्या बंद करण्याचा करार झाला. तोपर्यंत किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० सगळीकडे पोचलं होतं, ते अर्धं व्हायलाच सुमारे २९ वर्षं लागतात, आणि जिथे पाऊस जास्त तिथे ते जास्त पडलं. म्हणजे ग्वाल्हेरला पोखरणचं आलं नाही, पण रशियाच्या आर्क्टिकमधल्या स्फोटांचं थोडंफार नक्की आलं, आपल्या सगळ्यांच्या गच्च्यांवर.

जमिनीखालच्या चाचणीतही हवामान सुटत नाही, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. एक तर कधी छत धरत नाही. १८ डिसेंबर १९७० ला नेवाडात बेनबेरी नावाची दहा किलोटनची चाचणी पावणेतीनशे मीटर खाली झाली आणि तरी जमिनीला भेग पडून ढग तीन किलोमीटर वर आला. दुसरं म्हणजे हवेचा दाब. आपला बॅरोमीटर पडतो ना वादळाआधी, तेव्हा जमिनीतल्या भेगांमधली हवा वर ओढली जाते, दाब चढला की परत आत. असं श्वासासारखं चालू राहतं आणि स्फोटात तयार झालेला झेनॉनसारखा गॅस, जो कशालाच चिकटत नाही, इंच इंच वर येतो. १९९३ मध्ये नेवाडात मुद्दाम एक किलोटन साधं स्फोटक जमिनीखाली उडवून शेजारी खुणेचे गॅस ठेवले होते, त्यातला एक पन्नास दिवसांनी वर सापडला, दुसरा वर्षभराने. उत्तर कोरियाच्या ९ ऑक्टोबर २००६ च्या चाचणीचा झेनॉन सुमारे दोन आठवड्यांनी कॅनडातल्या यलोनाइफला पकडला, २०१३ च्या चाचणीचा तर पंचावन्न दिवसांनी जपानमध्ये. तिथे मग आमचंच काम उलटं करतात, गॅस इथे सापडला तर मागच्या दिवसांचे वारे लावत लावत तो निघाला कुठून हे शोधायचं. १९४९ मध्ये रशियाचा पहिला बॉम्बसुद्धा असाच सापडला, २९ ऑगस्टला स्फोट, आणि ३ सप्टेंबरला जपानहून अलास्काकडे निघालेल्या अमेरिकन हवामान विमानाच्या फिल्टर पेपरवर त्याचे कण.

आता तुझा दुसरा प्रश्न, जमिनीवर केला असता तर. वीस किलोटन धर, ढग साधारण दहा किलोमीटर. मे महिना असेल तर वरचे वारे बहुतेक पश्चिमेचे, सरासरी ताशी पन्नास-साठ धरले तर ढगाचा पुढचा भाग दहा-बारा तासांत आपल्या डोक्यावर. जाड कण जोधपूरच्या बाजूलाच पडून गेलेले, सगळ्यात जास्त नुकसान तिथल्या लोकांचं. आणि वेळेनेही ताकद उतरते, सातपट वेळ गेला की किरणोत्सर्ग दहापटीने कमी, म्हणजे पहिल्या तासाला हजार असेल तर सात तासांनी शंभर, दोन दिवसांनी दहा. मे कोरडा, त्यामुळे बारीक कणांचा ढग पुष्कळसा वरून निघून गेला असता, आंधीसोबत गडगडाट होऊन पाऊस पडला नाही तर! पडला तर ट्रॉयसारखं, फक्त ट्रॉयच्या सहापट जवळ. जुलैत केला असता तर सगळं चित्र वेगळं, खालचा भाग जवळपासच पावसात धुऊन पडला असता, वरचे पश्चिमेचे वारे तेव्हा उत्तरेला सरकलेले असतात, त्यामुळे ग्वाल्हेरला कदाचित काहीच नाही आणि ज्या गावावर सरी आल्या त्या गावाला सगळं. कुठलं गाव, हे तेव्हाचे बलून बघितल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही.

तुला करून बघायचं असेल तर ग्वाल्हेरच्या बलूनचे आकडे रोज नेटवर येतात, स्टेशन नंबर ४२३६१, सकाळ-संध्याकाळचे. जानेवारीचा एक दिवस घे, मेचा एक, जुलैचा एक, आणि वर सांगितलं तसे मजले पाडून ग्राफ पेपरवर बाण जोडत जा. कॉम्प्युटरवर हायस्प्लिट नावाचं मॉडेल हेच काम मिनिटात करतं, पण आधी तिन्ही दिवस हाताने काढ आणि मग ताडून बघ. कागद घेऊन रविवारी घरी ये, तुझ्या मामीला सांगून ठेवतो, आपण दोघं बसून चुका काढू.